दुधाचा फॅट आणि बायोडाटा

सदर : विचारा की!

प्रश्न : सर, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. गाव खानापूर तालुक्यात, रोज बसनं बेळगावला कॉलेजला येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, इंग्रजी. कॉलेजात आम्हाला ‘ट्रान्सफरेबल स्किल्स’वर, म्हणजे एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी कामाला येतं त्यावर, स्वतःबद्दल दोन पानं लिहून आणायला सांगितलं होतं. मैत्रिणीनं मोबाइलवरून उतरवून दिलं : टीमवर्क, कम्युनिकेशन, लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट. मी तेच लिहिलं. मॅडमनी वर्गात विचारलं, “यातलं तू कधी काय केलंस?” मला एक वाक्य बोलता आलं नाही.

वडील गावच्या दूध डेअरीचे सेक्रेटरी आहेत. संध्याकाळी फॅटच्या मशिनवर, म्हणजे ज्यावर दुधाचा दर ठरतो तो स्निग्धांश मोजायला, मीच बसते, त्यामुळे अभ्यासाला वेळ कमी पडतो. त्यात भांडणं. परवा एका काकूंच्या म्हशीच्या दुधाला ५.२ फॅट लागला, रोज साडेसहाच्या आसपास असतो. त्या ओरडायला लागल्या. मी मशीनची नळी धुतली, कॅन ढवळला, पुन्हा सॅम्पल घेतलं, तर ६.४ आला. असल्यात तास जातो. प्रॅक्टिकलला मार्क चांगले आहेत, पण नोकरीच्या दृष्टीनं मला नेमकं काय येतं हेच कळेना. सरळ बीएड करू का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एकट्यानंच हसलो. मॅडमना जे सांगता आलं नाही ते तू मला सांगून मोकळी झालीस, तेही तक्रार म्हणून. ५.२ चा ६.४ कसा झाला, ही गोष्ट ‘वेळ वाया गेला’ या खात्यात टाकलीस. ती उचल आणि दोन पानांच्या सगळ्यात वर ठेव.

आता जरा खोलात जाऊ. एक आकडा रोजच्यापेक्षा वेगळा आला आणि तो तुला खटकला. तो खटकायला रोजचा आकडा डोक्यात असावा लागतो, आणि तुझ्या डोक्यात गावातल्या प्रत्येक म्हशीचा असणार. समोरचं माणूस चिडलेलं, मागं रांग उभी. तरी ‘मशीन दाखवतंय तेच खरं’ म्हणून तू हात झटकले नाहीस आणि काकूंना गप्प करायला आकडा वाढवूनही लिहिला नाहीस. पुन्हा तपासलंस. उद्यमबागेतल्या फौंड्रीची, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याची, लॅब घे, औषधाची कंपनी घे, नाहीतर साखर कारखाना घे, केमिस्टला पगार मिळतो तो ह्याच कामाचा.

पण तुला एक चिमटाही काढतो. नळी धुतलीस आणि कॅनही ढवळलास, दोन्ही एकदम. मग ६.४ आला तो कशामुळं? दूध थोडा वेळ ठेवलं की साय वर चढते. न ढवळता खालचं दूध घेतलं तर फॅट कमी लागणार, वरचं घेतलं तर जास्त. नळीत आधीच्या माणसाचं गाईचं दूध राहिलं असेल तर तेही आकडा खाली ओढणार. दोन्ही कारणं पटण्यासारखी, खरं कुठलं ते तुला सांगता येणार नाही. आधी नुसती नळी धुवून तेच सॅम्पल पुन्हा लावलं असतंस तर कळलं असतं. पुढच्या भांडणाला एका वेळी एकच गोष्ट बदल. मुलाखतीत कुणी हा किस्सा ऐकला आणि तो कामाचा माणूस असला, तर नेमका हाच प्रश्न विचारील. तेव्हा “सर, दोन्ही एकदम केलं, ती माझी चूक, आता मी असं करते” एवढं बोललीस तरी पुष्कळ झालं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. बीएस्सी झाल्यावर मी एका साखर कारखान्यात सीझनला लॅब केमिस्ट म्हणून लागलो. रात्रपाळी. बगॅसचा पोल काढायचा, म्हणजे ऊस पिळून उरलेल्या चोथ्यात साखर किती राहिली ते बघायचं. बगॅस पाण्यात शिजवायचा, गाळायचा आणि तो रस नळीत भरून पोलॅरीमीटरला लावायचा; रसातली साखर प्रकाशाला किती अंश वळवते ते हे यंत्र मोजतं आणि त्यावरून साखर कळते. आकडा साधारण दोनाच्या आसपास यायचा. रात्री तीनला झोपेनं डोळे मिटत होते. आदल्या वेळचा २.१ मी पुन्हा २.१ म्हणूनच वहीत चढवला. असं एकदा नाही, दोनदा.

सकाळच्या पाळीचा आकडा आला ३ च्या वर. शेवटच्या मिलच्या आधी बगॅसवर गरम पाणी सोडतात, उरलीसुरली साखर धुऊन निघावी म्हणून. त्या पाण्याचा पंप रात्रीच कधीतरी चोक झाला होता. चोथ्यातली साखर चोथ्याबरोबर सरळ बॉयलरमध्ये जळत होती आणि माझी वही म्हणत होती, सगळं ठीक. आमचे चीफ केमिस्ट ओरडले नाहीत. मला बगॅस वाहून नेणाऱ्या कॅरिअरपाशी नेलं, मूठभर बगॅस हातात दिला आणि म्हणाले, “चावून बघ.” चावला. मला काही कळलं नाही, त्यांना मात्र कळलं असणार. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत न बघितलेला आकडा मी लिहिला नाही.

आता तुझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलकडं ये. साखरेच्या द्रावणाचं स्पेसिफिक रोटेशन, म्हणजे ते प्रकाशाला किती वळवतं तो ठरावीक आकडा, तू पोलॅरीमीटरवर काढलं असणार. सोडियमचा पिवळा दिवा, वर्तुळाचे दोन अर्धे सारखे दिसेपर्यंत डोळ्यापाशचा अ‍ॅनलायझर फिरवायचा. उत्तर साधारण ६६.५ अंश यायला पाहिजे हे बॅचमधल्या सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळं रीडिंग उत्तरावरून मागं येतात. आम्हीही अशी रीडिंग मारायचो, खोटं कशाला बोलू. जर्नल देखणं, मार्क पूर्ण, आणि हातात काही नाही. तुझ्या चांगल्या मार्कांवर मी फार खूश झालो नाही, त्याचं कारण हे. ज्या दिवशी तुझं उत्तर ६१ आलं असेल त्या दिवशी काय झालं ते आठव. नळीत बुडबुडा होता का? साखर वजन करताना ओली होती का? झिरो बघितला होता का? तो दिवस लिहून काढ.

आणि हेच यंत्र साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सीझनभर अखंड चालतं, हे तुला कुणी सांगितलं का? कारखान्यात २६ ग्रॅम नमुना घेऊन १०० मिलिलिटर करतात, बाकी तत्त्व तेच. पोल भागिले ब्रिक्स (रसात विरघळलेलं सगळं मिळून किती ते) गुणिले शंभर, झाली शुद्धता. आपल्या बेळगाव जिल्ह्यात कारखाने किती आहेत ते संकेश्वरपासून अथणीपर्यंत एसटीच्या खिडकीतूनही मोजता येतील. त्या विषयाचं पुढचं शिक्षण देणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्थाही बेळगावातच आहे, कॉलेज सुटल्यावर एकदा जाऊन चौकशी कर.

लिहायचं कसं? ‘गुड कम्युनिकेशन’ खोडून टाक. त्या जागी लिही : ‘गावच्या दूध संकलन केंद्रात दोन वर्षं रोज संध्याकाळी फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) तपासणी, वादाच्या नमुन्यांची फेरतपासणी, उत्पादकांना निकाल समजावून सांगणे.’ वर्षं आणि सॅम्पलची संख्या तुझी खरी घाल, माझी नको. यात तुझं टीमवर्क, कम्युनिकेशन, सगळं आलं, पण ओरडून सांगावं लागलं नाही. एक जुनी वही घे आणि अशा प्रत्येक घटनेला अर्धं पान दे : काय झालं, मी काय केलं, आज असते तर काय वेगळं केलं असतं. मॅडमना दोन पानं हवी होती ना? दिवाळीपर्यंत तुझ्याकडं वीस होतील.

बीएडबद्दल. शिकवायची आवड असेल तर जरूर कर. पण ‘दुसरं काही येत नाही’ म्हणून करणार असशील, तर ते कारण खोटं आहे, हे तुझंच पत्र सांगतंय. आधी एक वर्ष कुठल्यातरी लॅबमध्ये काढ. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली आता साध्या पदवीधरांनाही वर्षभराचं प्रशिक्षण मिळतं, विद्यावेतनासह. कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्यांना नेमकं त्याबद्दल विचार.

आणि काकूंना माझा नमस्कार. त्या ओरडल्या नसत्या तर हे उत्तर लिहिताच आलं नसतं.

प्रश्न : मी एमएस्सी केमिस्ट्री, राहणार शहापूर, बेळगाव. पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. इंग्रजीत अडखळलो म्हणून त्यांनी मराठीत बोला म्हटलं, तर माझ्या तोंडून “आता मी घरीच अभ्यास करूलालोय” गेलं आणि ते हसले. इकडं मुलाखत असली की कन्नड विचारतात, ते मला बाजारापुरतं येतं. कुठलीच भाषा धड नाही असं वाटतं.
– एक वाचक, शहापूर

उत्तर : हसणाऱ्यांना हसू दे की. ‘करूलालोय’, म्हणजे ‘करतोय’, हे आपल्या घरचं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालतोस तशी तिथली बोली घाल, घरी आल्यावर काढून ठेव.

‘कुठलीच धड नाही’ याच्याशी मात्र मी भांडणार. मच्छेच्या एखाद्या फौंड्रीत एक दिवस उभा राहून बघ. वाळूची ओल तपासणाऱ्या पोरानं सांगितलेलं कन्नडमध्ये, सुपरवायझरशी बोलणं मराठीत, भट्टीवरचा परप्रांतीय कामगार हिंदीत, आणि गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग इंग्रजीत. ह्या चौघांमध्ये निरोप न सांडता नेणारा माणूस तिथं सोन्याच्या भावाचा. पुण्यात वाढलेल्या पोराला हे शिकायला वर्षं लागतील, तू ते शहापूरच्या खडेबाजारात फुकट शिकलास. बायोडाट्यात ‘भाषा : चार’ एवढंच लिहू नकोस. कुठल्या भाषेत काय करता येतं ते लिही : मराठी–हिंदीत सूचना देता येतात, इंग्रजीत अहवाल लिहिता येतो, कन्नडमध्ये कामापुरतं बोलता येतं.

इंग्रजीचं अडखळणं बहुतेक वेळा भाषेचं नसतं. आपण काय केलं तेच डोक्यात ठरलेलं नसतं, मग शब्द कुठून येणार? तुझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं, ते आधी आईला मराठीत सांग. तिला कळलं की तेच दहा वाक्यांत इंग्रजीत बसव.

कन्नडसाठी क्लास लावायच्या आधी एक सोपं काम कर. आसपासच्या कारखान्यांत गळीत सुरू होण्याच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, लॅबसाठी माणसं बघतात. अर्ज मेलनं पाठवू नकोस, स्वतः घेऊन जा. गेटवरचा वॉचमन कन्नडमध्येच विचारील कुणाकडं काम आहे म्हणून. “स्वल्प स्वल्प बरतद्री”, म्हणजे थोडं थोडं येतं, म्हण आणि तिथून सुरू कर. चहा तो पाजेल, आणि लॅबचे साहेब किती वाजता मोकळे असतात तेही तोच सांगेल.