पन्नाशी उलटल्यावर रहस्यकादंबरी लिहायला घेतली, तर फार उशीर झाला का?

दूरचित्रवाणी मालिकांचे संवाद लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली, आता छप्पन्नाव्या वर्षी रहस्यकादंबरी लिहिली तर उशीर झाला का आणि तिला कोणी साहित्य मानेल का, असे आपण विचारले आहे. उशीर झालेला नाही. ग्रीक लेखक पेत्रोस मार्कारिस यांचा जन्म १९३७चा, इस्तंबूलमधला. पहिली कादंबरी १९९५ची. तिचा उगमही मालिकेतच आहे. गुन्हेगारीवरची एक मालिका लिहीत असताना एक साधे मध्यमवर्गीय कुटुंब त्यांच्या मनात ठाण मांडून बसले आणि त्यातला बाप पुढे अथेन्सचा पोलीस अधिकारी कोस्तास हारितोस झाला.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझी जुनी जखम उघडी केली. मार्कारिस मी जर्मनमधून वाचतो. बँकवाल्यांच्या खुनांभोवती रचलेल्या त्यांच्या २०१० सालच्या कादंबरीची काही प्रकरणे मी मराठीत आणली, त्यांना ‘थकीत कर्जे’ असे शीर्षक दिले आणि एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांकडे नेली. तलवारीने शिर उडवलेल्या बँकरपर्यंत त्यांनी पाने चाळली, कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, “मुडदे मोजायची पुस्तके आम्ही काढत नाही.” त्याच कागदांत हारितोस आपली जुनी फियाट मिराफिओरी काढून सेआत इबिझा घेतो, कारण स्पेनही ग्रीससारखाच कर्जात बुडालेला, हा प्रसंग होता. तो वाचून दाखवण्याची परवानगी मी मागितली. त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे. ‘भाकरी, शिक्षण, स्वातंत्र्य’ ही १९७३च्या पॉलिटेक्निक उठावातली, म्हणजे लष्करी राजवटीविरुद्ध अथेन्समधल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या उठावातली घोषणा. तेच नाव असलेल्या २०१२च्या कादंबरीत मार्कारिस ग्रीसला युरो सोडून पुन्हा द्राख्मा या जुन्या चलनावर आणतात, सरकारी नोकरांचे पगार थांबवतात, आणि हारितोसची बायको अद्रियानी लेक, जावई आणि आणखी माणसांना रोज रात्री एकाच टेबलावर जेवू घालते, कारण वेगळी चूल परवडत नाही. त्या उठावातले तरुण पुढे ठेकेदार, प्राध्यापक आणि कामगारपुढारी होऊन गब्बर कसे झाले, हे या कादंबरीतल्या खुनांच्या तपासातून जसे कळते, तसे ग्रीसच्या कर्जसंकटावरच्या अग्रलेखांतून मला कधी कळले नाही. हारितोसचा जवळचा माणूस लांब्रोस झिसिस हा म्हातारा कम्युनिस्ट. लष्करी राजवटीत तो कोठडीत होता आणि हारितोस तिथे पहारेकरी होता. ही मैत्री ज्याला साहित्य वाटत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. मार्कारिस कोऱ्या पाटीने कादंबरीकडे आले नव्हते. पहिले नाटक १९६५चे, ग्रीक चित्रपट दिग्दर्शक अँगेलोपुलोस यांच्यासोबत पटकथा, त्यांतल्या ‘अनंतकाळ आणि एक दिवस’ला १९९८मध्ये कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, शिवाय जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकाचा ग्रीक अनुवादही त्यांच्या नावावर आहे. आपली संवादांची वर्षे तशीच पूर्वतयारी ठरतील, पण ती आपोआप ठरणार नाहीत. खुनी कोण, यावर डोके खर्च करण्याआधी आपल्या गावात पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते शोधा आणि तपास अधिकाऱ्याच्या घरी रात्री काय शिजते तेही लिहा. संपादकांकडे नमुना पाठवताना मुडद्याचे प्रकरण पाठवू नका, जेवणाचे पाठवा. तेही पूर्ण न वाचता परत आले, तर दुसरा प्रकाशक गाठा.