पेनसिल्व्हेनियात येताय आणि हरणासाठी रायफल घ्यायचीय, तर

तुम्ही विचारलंय की एच-वन या नोकरीच्या व्हिसावर मध्य पेनसिल्व्हेनियात येतोय, ऑफिसातले सगळे हरणाच्या शिकारीला जातात, तर स्वस्तात रायफल कोणती घेऊ आणि गोळी कोणती.

रायफल सॅव्हेज अ‍ॅक्सिस किंवा रुगर अमेरिकन. दोन्ही साध्या बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हातानं खटका ओढायच्या. पुढची गोळी आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक इथे हरणाला चालत नाही. गोळी .308 विंचेस्टर, 150 ग्रेन वजनाची, सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची, लागली की फुलणारी. खांद्याला दणका कमी हवा असेल तर .243, 100 ग्रेन. रान दाट आहे, हरीण बहुतेकदा शंभर यार्डांच्या आतच दिसतं, त्यामुळे लांब पल्ल्याच्या महागड्या काडतुसांवर पैसे घालू नका. पूर्ण धातूच्या कवचाची फुल मेटल जॅकेट गोळी स्वस्त मिळेल, पण हरणावर ती कायद्यानंही चालत नाही. ती न फुलता आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन तडफडत लांब पळतं. वाचलेल्या पैशांत एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या काडतुसांच्या जास्त डब्या घ्या आणि ऑक्टोबरात नेमबाजीच्या रेंजवर जाऊन स्कोप झीरो करा, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण गोळी लागते त्या जागेशी जुळवा. डबी बदलली की नेम सरकतो.

आता खरं दुखणं. एच-वनवाल्याला बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. चालू असलेलं शिकारीचं लायसन्स असेल तरच सूट. म्हणून आधी हंटर-ट्रॅपर हा शिकारीचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. लायसन्स 30 जूनला संपतं. इथली माणसं नवं सावकाश काढतात, तुम्हाला ती सवड नाही. 1 जुलैला नवं हातात नसेल तर कपाटातली रायफल गुन्हा ठरते. मी फॉर्म 4473, म्हणजे बंदूक घेताना दुकानात भरायचा केंद्रीय फॉर्म, भरला तेव्हा काउंटरवरच्या माणसाला ही सूट माहीतच नव्हती. माझं लायसन्स उलटंपालटं करत तो फोनवर बोलत राहिला आणि मागची रांग माझ्याकडे बघत राहिली.

कागदांनी मला फार छळलंय. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, तर पुण्यात पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोराला विज्ञानाच्या तासाला उठवून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या खोलीत बसवायला लागले. चाचणी, पत्रं, मीटिंग यांत वर्ष गेलं. तो विसरलाय. माझं डोकं अजून तापतं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथल्या बऱ्याच शाळांना हरणाच्या शिकारीची सुट्टी असते. पहिल्या वर्षी वर्गातली पोरं बापाबरोबर, काकाबरोबर रानात होती आणि आमचा खिडकीशी बसून होता. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं. रायफल मी त्यासाठी घेतली, मांसासाठी नाही. आपल्याकडे हरीण मारणं गुन्हा आहे, आणि मी इथे ते सोलतो हे आईला अजून सांगितलेलं नाही. फोनवर ती विचारते, सुट्टीत काय केलंत. मी म्हणतो, फिरायला गेलो होतो.

एकटेपणाबद्दलही विचारलंय तुम्ही. तो असतोच, कामात निघून जातो.

पहिल्या दिवशी एकटे जाऊ नका. पोट फाडून आतडी कशी काढायची हे व्हिडिओ बघून जमत नाही, शेजारी उभं राहून दाखवणारा माणूस लागतो. ऑफिसातल्या एकाला आत्ताच मेल टाकून विचारा, मला बरोबर न्याल का.