सिव्हिल सोडायचे, की सिव्हिलमध्येच नवे शिकायचे?

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बांधकामातील डिजिटल मॉडेलिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घालणाऱ्या क्षेत्रात जाण्याची तिची इच्छा आहे. परिचित मात्र म्हणतात, की मॉडेल करण्याचे काम लवकरच संगणकच करील, त्यापेक्षा तिने सरळ कॉम्प्युटरकडे वळावे. तिला सहा महिन्यांच्या सॉफ्टवेअर कोर्सला घालावे का? – एक पालक

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे निम्मे खरे आहे. तयार ड्रॉइंगबरहुकूम त्रिमितीय मॉडेल उभे करणे, दारे-खिडक्यांच्या याद्या काढणे, तक्त्यांत आकडे भरणे ही कामे हळूहळू यंत्राकडे चालली आहेत आणि केवळ त्यांच्या भरवशावर करिअर उभारू नये, हे मीही सांगेन. मात्र तेवढ्यावरून सिव्हिल सोडण्याचे कारण नाही, कारण या क्षेत्रात तेच तिचे भांडवल ठरणार आहे.

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजेच बीआयएम, यात भिंत ही नुसत्या रेषांची जोडी नसते. तिचे साहित्य, जाडी, मजला, आगीला तोंड देण्याची क्षमता अशी माहिती तिला चिकटलेली असते. ही कल्पना नवी नाही. संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी 1970च्या दशकातच तिची मांडणी केली होती. 2016 पासून ब्रिटनने केंद्र सरकारच्या बांधकाम प्रकल्पांसाठी बीआयएमची अट घातली आणि 2018 मध्ये बीआयएममधील माहिती कशी सांभाळावी हे सांगणाऱ्या आयएसओ 19650 या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग आले. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकण्यासाठी जी सुसंगत माहिती लागते, ती बांधकामात प्रामुख्याने अशा मॉडेलमधूनच मिळू शकते.

प्रत्यक्ष काम कसे चालते, ते एका उदाहरणावरून पाहू. वास्तुरचना, स्ट्रक्चर आणि पाइप-डक्ट यांची मॉडेल एकत्र केली, की सॉफ्टवेअर कोणती वस्तू कोणत्या वस्तूत घुसते आहे ते शोधते. मोठ्या इमारतीत अशा टकरी हजारोंनी निघतात, पण त्यांतल्या पुष्कळशा फुसक्या असतात : पाइप भिंतीतून जाणारच असतो, किंवा एकच डक्ट सलग दहा बीमना आडवा आल्यामुळे एका चुकीच्या दहा नोंदी होतात. अभियंत्यांनी पूर्वी दिलेले निर्णय पाहून यातले खरे-खोटे वेगळे करायला यंत्राला शिकवता येते, आणि ते उपयोगीही पडते. परंतु हवेचा डक्ट बहुधा खाली-वर सरकवता येतो, तर सांडपाण्याच्या पाइपला उतार राखावा लागत असल्याने तो मनाला येईल तसा उचलता येत नाही. आणि आधाराजवळ बीममध्ये भोक पाडणे सहसा टाळावेच लागते, कारण तेथे कर्तनबल, म्हणजे बीमला कापू पाहणारे बल, जास्त असते. यंत्राने सुचवलेला मार्ग स्वीकारायचा की फेटाळायचा, हे ज्याला उतार आणि कर्तनबल कळते तोच ठरवू शकतो, आणि सही व जबाबदारीही त्याचीच असते.

दुसरी अडचण कमी दिसते, पण जास्त छळते. निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्यासाठी आयएफसी हा खुला नमुना वापरतात. मॉडेल करणाऱ्याने घाई केली, तर त्यात स्लॅब ‘स्लॅब’ म्हणून न उतरता ‘प्रॉक्सी’ या सरसकट वर्गात जाऊन पडतो. पडद्यावर तो स्लॅबच दिसतो, पण परिमाणे मोजणारा प्रोग्राम त्याला वगळतो आणि काँक्रीटचा हिशेब चुकतो. अशी माहिती तपासून दुरुस्त करणाऱ्या माणसाची किंमत पुढेही राहील, असे मला वाटते.

साइटवरील छायाचित्रे मॉडेलशी ताडून प्रगती मोजणाऱ्या प्रणालींचेही असेच. कॉलम उभा राहिला, हे कॅमेऱ्याला दिसते; त्याच्या पोटातल्या सळया नेमून दिलेल्या अंतरावर आहेत का आणि क्युअरिंग (काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देणे) नीट झाले का, हे त्या छायाचित्रावरून कळत नाही.

म्हणून कोर्सला मी ‘नको’ म्हणत नाही, ‘आधी नको’ म्हणतो. येत्या सुटीत तिला साइटवर इंटर्नशिप करू द्या. शटरिंग (काँक्रीटचे साचे), सळईबांधणी आणि ओतकाम तिने डोळ्यांनी पाहावे. त्याच काळात रेव्हिटसारखे एक बीआयएम सॉफ्टवेअर ती शैक्षणिक परवान्यावर शिकू शकते. त्यानंतर पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे वळावे. यंत्रशिक्षणाचे (मशीन लर्निंगचे) गणित सांख्यिकी पक्की झाल्यावरच हाती घ्यावे. फी भरण्यापूर्वी त्या संस्थेला एवढे जरूर विचारा, की माहितीचे व्यवस्थापन आणि समन्वय शिकवता, की केवळ सॉफ्टवेअरची बटणे?

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला एक काम सुचवतो. दोन मजली इमारतीचे मॉडेल तिने स्वतः करावे, ते आयएफसीमध्ये काढावे आणि आयएफसीओपनशेल या मोफत पायथॉन लायब्ररीने त्यातले किती घटक चुकीच्या वर्गात गेले ते मोजावे. मग काँक्रीटचे परिमाण हाताने काढून प्रोग्रामच्या आकड्याशी ताडावे. फरक बहुधा येईलच. तो का आला, याची दोन पाने तिने लिहून ठेवली, तर मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राच्या आधी तीच पाने पुढे ठेवावीत.