'विद्यार्थीकेंद्रित' की 'विद्यार्थिकेंद्रित'?

एम. एड. करणाऱ्या एका विद्यार्थिनीची शंका आहे. लघुप्रबंधाच्या शीर्षकात तिने 'विद्यार्थीकेंद्रित अध्यापन' लिहिलं आणि मार्गदर्शक बाईंनी 'थी' खोडून 'थि' केला. एरवी आपण 'विद्यार्थी' दीर्घच लिहितो, मग इथे का नाही? आणि अशा वेळी बघायचं कुठे?

बाईंचं बरोबर आहे. हा शब्द संस्कृतात 'विद्यार्थिन्' असा आहे. मराठीत तो एकटा आला की शेवटचा न् गळतो आणि 'थि' दीर्घ होतो. समासाचं पहिलं पद झाला की मात्र ऱ्हस्वच राहतो. वर्तमानपत्रात हे रोज डोळ्यांखालून जातं : मंत्री, पण मंत्रिमंडळ. तसंच पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय, कर्मचारिवर्ग.

असे शब्द ओळखायला मी स्त्रीलिंगी रूप करून बघते. विद्यार्थिनी, तपस्विनी, स्वामिनी : 'नी'च्या आधी ऱ्हस्व आला ना, मग समासातही ऱ्हस्व. सगळ्या शब्दांना ही युक्ती लागू पडत नाही. दृष्टी, कृती, व्यक्ती यांचं कूळ वेगळं, ते संस्कृतात मुळातच ऱ्हस्वान्त, म्हणून दृष्टिकोन, कृतिसंशोधन, व्यक्तिमत्त्व (आणि हो, त्यात दोन त!). नदी मुळात दीर्घ, म्हणून नदीकाठ. खरी गफलत होते ती विभक्तीच्या प्रत्ययांशी. 'ने', 'ला' असा प्रत्यय लागणं म्हणजे समास नव्हे. 'दृष्टिकोन' ऱ्हस्व, पण 'या दृष्टीने' दीर्घच. प्रबंध वाचताना ही चूक मला पानोपानी भेटते, आणि जीव हळहळतो, कारण ती पाच मिनिटांत सुटणारी असते.

आता कुठे बघायचं ते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम उदाहरणांसकट एकदा शांतपणे वाचाच. एका संध्याकाळात वाचून होतात. मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' स्पर्धा परीक्षांचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं, पण प्रबंध लिहिणाऱ्यालाही ते तितकंच उपयोगी. लिहिता लिहिता शब्द अडला तर अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' किंवा यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' हाताशी हवा. व्याकरणाच्या मुळाशी जायचं असेल तर मोरो केशव दामले यांचं १९११चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आहेच. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे विषयवार कोश बघा; मनाने प्रतिशब्द घडवू नका.

शैलीबद्दल एवढंच सांगते. 'सदर संशोधनामध्ये माहितीचे संकलन करण्यात आलेले आहे' असं लिहिलंत तर ते मोठ्याने वाचा, आणि मग 'या संशोधनासाठी माहिती गोळा केली' असं लिहा. परीक्षक याला नाक मुरडत नाहीत.

तर शीर्षक 'विद्यार्थिकेंद्रित अध्यापन', आणि पहिला शब्द जोडूनच. संगणकावर दुरुस्ती करताना नुसतं 'विद्यार्थी' शोधून सरसकट बदलू नका, नाहीतर एकटे आलेले सगळे विद्यार्थी ऱ्हस्व होऊन बसतील. पूर्ण 'विद्यार्थीकेंद्रित' शोधा, आणि मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व प्रमाणपत्राचं पान तेवढं डोळ्यांनी तपासा.