पाऊस ‘हेवी’, मग वारा ‘स्ट्राँग’ का?

प्रश्न ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका ताईंचा. सातवीतल्या मुलाने इंग्रजी निबंधात ‘स्ट्राँग रेन’ लिहिलं, बाईंनी ‘स्ट्राँग’ खोडून ‘हेवी’ केलं. खालच्याच ओळीतला ‘स्ट्राँग विंड’ मात्र तसाच ठेवला. वर ‘आय गेव्ह माय एक्झाम’वरही लाल रेघ. मुलगा विचारतोय, यामागे नियम काय?

ताई, तुमचा मुलगा चुकला तो मराठी पक्की आहे म्हणून. आपला ‘जोराचा’ पावसालाही चालतो आणि वाऱ्यालाही. जोराचा म्हणजे स्ट्राँग, असं धरून त्याने तो दोघांना लावून टाकला. इंग्रजीत त्या दोघांचे सोबती वेगळे. पण असा हट्ट आपणही धरतोच की. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं. ‘सोसाट्याची थंडी’ म्हणून बघा, तोच हसेल. हे त्याला कोणी बसून शिकवलेलं नाही, कानावर पडत गेलं आणि मुरलं.

अशा ठरलेल्या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. भाषाविज्ञानात ही कल्पना रुजवली जे. आर. फर्थ यांनी. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, अशा अर्थाचं त्यांचं १९५७ सालचं वाक्य अजून सांगितलं जातं. (हे गृहस्थ १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. तिथल्या पोरांच्या वह्यांत त्यांनी काय काय पाहिलं असेल!)

पक्का नियम नाही, पण एक ढोबळ खूण सांगतो. जे वरून पडतं किंवा एका जागी फार साचतं, ते बहुधा ‘हेवी’: पाऊस, बर्फ, घोडबंदर रोडवरचा ट्रॅफिक. जे ढकलतं, ओढतं, ते ‘स्ट्राँग’: वारा, खाडीतल्या पाण्याची ओढ. खूण लगेच फसतेही. जोरदार सर्दी ‘हेवी कोल्ड’ असते, आणि ‘हेवी स्लीपर’ म्हणजे वजनदार माणूस नव्हे, उशाशी ताशा वाजवला तरी न उठणारा. पावसापुरता ‘हेवी’ तर आपल्या हवामान खात्याने मोजूनच दिलाय: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे ‘व्हेरी हेवी’, आणि २०४.४च्या वर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. जुलैत मोबाइलवर येणारे इशारे मुलाला वाचायला द्या, ही जोडी आपोआप पाठ होईल.

परीक्षेचं प्रकरण उलट्या दिशेचं आहे. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत विद्यार्थीच ती ‘टेक’ करतो. ब्रिटिश माणूस ‘सिट’ही म्हणतो. भारतात ‘एक्झाम दिली’च्या चालीवरचं ‘गेव्ह’ इतकं रुळलंय की बोलताना मी कोणाला अडवत नाही. निबंधात मात्र ‘टुक’ लिहावं, बाईंचं बरोबर आहे. ‘निर्णय घेणे’ला ‘टेक’ जसंच्या तसं बसतं, म्हणून तिथे आपली पोरं चुकत नाहीत. ‘लक्ष देणे’ला मात्र ‘गिव्ह’ नको, ‘पे’ हवं.

तेव्हा वहीत सुटा शब्द उतरवू नका, सोबत्यासकट उतरवा.

आणि हो, मुलाच्या मराठीच्या वहीत ‘पाहुण्यांनी भाषण दिले’ सापडलं, तर तिथेही लाल पेन चालू द्या. हे इंग्रजी-हिंदीच्या वळणाने घुसलंय. आपल्याकडे पाहुणे भाषण करतात.