समुद्री शेवाळाची हॅचरी : खानापूरच्या (जि. बेळगाव) एका वडिलांना उत्तर

नमस्कार,

मुलगी बारावी सायन्सला आहे आणि समुद्री शेवाळाच्या हॅचरीत, म्हणजे शेवाळाच्या रोपवाटिकेत, काम करायचं म्हणते. यात पोट भरेल का, आणि आपल्या मळ्यातच टाक्या बांधून हे सुरू करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

टाक्यांचं आधी सांगतो. बांधू नका. टाकी जमिनीवर असली तरी पाणी समुद्राचंच लागतं. त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे हजार लिटरला ३५ किलो. तेवढे विकत आणून मिसळलेत, तरी वापरलेलं खारं पाणी सोडणार कुठं? शेजाऱ्याच्या भातात?

आता मुलीचं. तमिळनाडूत कप्पाफायकस हे शेवाळ उसासारखं कांड्यांनीच लावतात. पण तेच बेणं तोडून तोडून लावत राहिलं की त्याचा जोम ओसरतो. नवं बेणं हॅचरीत तयार करावं लागतं. उदाहरणार्थ, ग्रासिलारिया या दुसऱ्या शेवाळाची पक्व रोपं निवडायची, स्वच्छ करायची, सावलीत थोडी सुकवून गाळलेल्या समुद्रपाण्यात सोडायची. बीजाणू सुटतात आणि दोरीवर किंवा शिंपल्यांवर बसतात. पुढं उजेड, तापमान, पोषकद्रव्यं रोज जपायची. एवढं करून पाण्यातून डायटम (डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवालं) शिरले तर कोवळी रोपं झाकून टाकतात, की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर सूक्ष्मदर्शक, काचसामान धुणं, आणि गणपतीतसुद्धा टाकीपाशी हजेरी. किनाऱ्यावरचं मोकळं आयुष्य डोळ्यांसमोर असेल, तर हे तिच्या कानावर घालाच.

निव्वळ शेवाळाच्या हॅचरीत नोकऱ्या सध्या थोड्याच. म्हणून मी बी.एफ.एससी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, सुचवीन. चार वर्षांची ही पदवी असली की कोळंबी आणि माशांच्या हॅचरींतही काम मिळू शकतं. मंगळूरला कॉलेज आहे. केसीईटीचा (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचा) अर्ज भरताना शेतकरी कोट्याची चौकशी करा. रत्नागिरीजवळच्या शिरगावलाही हाच कोर्स आहे. तिथं सीमाभागाची सवलत लागू होते का, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, चहाच्या टपरीवर विचारू नका. लांब पाठवायचं नसेल तर बेळगावात बी.एससी. करून पुढं कारवारला सागरी जीवशास्त्रात एम.एससी. करता येतं. संशोधनाची ओढ लागली तर भावनगरची सीएसएमसीआरआय ही समुद्री रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आणि तिचं तमिळनाडूतलं मंडपमचं केंद्र आहेच.

परीक्षा संपली की तिला कारवारला न्या. सीएमएफआरआयचं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं) केंद्र तिथं आहे. आत जाऊन टाक्यांवरचं काम बघायला मिळेल का, ते आधी अर्ज करून विचारा. तो अर्ज मात्र तिलाच लिहू द्या.