काकांचे फोटो जपताना

बाळा,

काकांनी इतकी वर्षं काढलेले मुंबईच्या गिरणगावाचे फोटो इंटरनेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला आजच बस. हे पत्र पुढे वाचायचं राहिलं तरी चालेल.

तू लिहिलंस की आधी नीट आराखडा करायचा, कुठले फोटो ठेवायचे ते ठरवायचं, घरच्यांशी बोलायचं आणि मग कामाला लागायचं. हा क्रम उलटा कर. काकांचा बहुतेक संग्रह फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटवर आहे ना? ती साइट २००४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी याहूने विकत घेतली. २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट मिळाली, तेव्हा जगभरच्या लोकांनी आपली कपाटंच्या कपाटं तिथे रिकामी केली. २०१८ मध्ये स्मगमग नावाच्या कंपनीने ती घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की फुकट खात्यावर एक हजारच फोटो राहतील, त्यावरचे काढले जातील. आणि काढायचे ते आधी चढवलेले आधी. बदलत्या शहराच्या फोटोंना याहून वाईट नियम सुचणार नाही. लोअर परळमधला २००५ चा फोटो जायचा आणि २०१८ मधला त्याच जागेवरच्या टॉवरचा राहायचा.

पण त्याच घोषणेत एक सवलत होती. ज्यांनी आपले फोटो आधीच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या, म्हणजे नाव देऊन इतरांना वापरू देणाऱ्या, परवान्याखाली ठेवले होते, त्यांचे ते फोटो वगळले गेले. गूगलने २०१६ मध्ये पॅनोरामिओ ही फोटोंची साइट बंद केली तेव्हाही असंच झालं होतं. नकाशावर टाचलेले लाखो फोटो त्या साइटवर होते. त्यांतले खुल्या परवान्याचे कितीतरी विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहात हलवता आले, कारण हलवणाऱ्याला कुणाची परवानगी मागत फिरावं लागलं नाही. फोटो टाकताना परवान्याची ती एक ओळ कुणी निवडली होती का, एवढ्यावर पुढे खूप काही ठरलं. म्हणून परवान्याचं काकांशी बोलणं टाळू नकोस. त्याबद्दल खाली लिहिते.

आधी उतरवायचं कसं ते. पानं उघडून एकेक फोटो सेव्ह करत बसू नकोस. तसं केलंस तर बहुधा आकाराने लहान केलेली प्रत हाती येते आणि मजकूर तिथेच राहतो. काकांना शेजारी बसवून त्यांच्या खात्यातूनच सगळ्या माहितीची मागणी कर. फ्लिकर फोटोंचे गठ्ठे देतं आणि सोबत जेसन प्रकारच्या मजकुराच्या फाइली देतं, त्यांत शीर्षक, वर्णन, टॅग, अल्बम, तारीख असं सगळं असतं. त्या फाइली काही जण कचरा समजून पुसतात. तू पुसू नकोस. फेसबुकवरचेही असेच मागवून घे, मात्र तिथे फोटो दाबून लहान केलेले असतात आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली माहिती गळून गेलेली असते. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर किंवा कपाटातल्या सीडींवर मूळ फाइली असतील तर त्या सगळ्यांत मोलाच्या. सीडी आधी उतरव. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि व्हॉट्सअॅपवरून मात्र काहीही मागवू नकोस.

फाइलींची नावं बदलू नकोस. फोटो उजळ करणं, सरळ करणं, कडा कापणं, हे सगळं नंतर आणि वेगळ्या प्रतीवर.

आता निवडीचं. ‘चांगले तेवढे ठेवते, गिरणीच्या चिमणीचे एकसारखे खूप आहेत’ असं तू लिहिलंस, ते वाचून मी हे पत्र लगेच लिहायला घेतलं. एकसारखे म्हणतेस तेच या संग्रहाचं काळीज आहे. सूर्यास्ताचा आणि विसर्जनाचा देखणा फोटो मुंबईत हजारो लोकांकडे असतो. पण डिलाईल रोडच्या पुलाच्या त्याच कठड्याशी उभं राहून, त्याच बाजूला तोंड करून, वर्षामागून वर्षं फोटो काढत राहिलेला माणूस मला दुसरा ठाऊक नाही. आधी चिमणी आणि गिरणीतल्या खात्यांची करवतीसारखी छपरं, मग नुसती चिमणी, मग पत्र्याचं कुंपण, मग क्रेन, मग काच. यातला प्रत्येक फोटो एकटा पाहिला तर कंटाळवाणा आहे. ओळीने लावले की १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या गावाचं पुढे काय झालं ते दिसतं. २००५ मध्ये एनटीसीच्या, म्हणजे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या, गिरण्यांच्या जमिनींचे लिलाव झाले, २००६ च्या मार्चमध्ये गिरण्यांच्या जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, हे कागदावर मिळेल. निकालाच्या दुसऱ्या वर्षी गेटसमोरच्या चहावाल्याचं काय झालं, ते काकांच्या त्या ‘एकसारख्या’ फोटोंत आहे. आणि तो पूलही २०१८ मध्ये बंद झाला, पाडला, नवा होऊन पूर्ण उघडायला २०२३ उजाडलं. काकांचा तो कठडाच आता नाही. तेव्हा हललेले, अंधारे, अंगठा आलेलेसुद्धा सगळे ठेव. काकांनी केलेले अल्बम आणि त्यांचा क्रमही मोडू नकोस. त्यांनी कशाशेजारी काय ठेवलं, हीसुद्धा माहिती आहे.

फोटोखालचा मजकूर जसाच्या तसा राखायचा. काका कधी देवनागरीत लिहितात, कधी रोमन अक्षरांत मराठी, तेही बोलतात तसं. शुद्धलेखन सुधारू नकोस. त्यांच्या जुन्या ब्लॉगवरचा मजकूर शुषा किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर आज तो अगम्य इंग्रजी अक्षरांसारखा दिसेल. तो बिघडलेला नाही, फक्त युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा आहे. परिवर्तकातून युनिकोड करून घे आणि मूळही शेजारी ठेव, कारण जोडाक्षरं परिवर्तनात हमखास घसरतात. लोकांच्या प्रतिक्रिया तर अजिबात सोडू नकोस. कुणी जुना कामगार लिहून जातो की डावीकडची ती खिडकी आमच्या साचे खात्याची (मागांच्या विभागाची), आणि एका ओळीत त्या भिंतीला अर्थ येतो. प्रतिक्रिया मात्र दुसऱ्यांच्या आहेत. आपल्याकडे जपून ठेवायच्या, नावानिशी पुन्हा छापायच्या नाहीत.

इथपर्यंतचं काम कुणीही संगणक येणारं माणूस करू शकेल. यापुढचं फक्त तूच करू शकतेस, कारण काका तुझ्याशी बोलतात.

त्यांच्याजवळ बस आणि एकेक फोटो दाखवून विचार. ‘हा कुठला?’ एवढ्यावर थांबू नकोस. कुठे उभे होतात, तोंड कुणीकडे होतं, पाठीमागे काय होतं, त्या दिवशी मुद्दाम गेला होतात की कामावरून परतताना? ‘परळ’ असं उत्तर आलं तर पुढे विचार: भारतमाता सिनेमाच्या बाजूचं की करी रोडच्या? कोपऱ्यावरची खानावळ कुणाची, तिथे कुठल्या गावचे लोक जेवायचे? रेकॉर्डर चालू ठेव, त्यांना सांगूनच. ते विषय सोडून गिरणीच्या भोंग्याबद्दल किंवा जॉबरबद्दल, म्हणजे मुकादमाबद्दल, बोलू लागले तर बोलू दे. एका बैठकीत थोडेच फोटो होतील, त्याची काळजी करू नकोस. फाइल पुढच्या वर्षीही उघडेल. काकांना सगळं पुढच्या वर्षी आठवेलच असं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मी ग्रंथालयात आयुष्यभर जुन्या छायाचित्रांच्या नोंदी केल्या. ‘गिरणीचे दृश्य, मुंबई’ एवढंच पाठीमागे लिहिलेले उत्तम फोटो हाती यायचे. कुठली गिरणी, कुठलं गेट, ते सांगणारं माणूस मात्र उरलेलं नसायचं.

तारखांच्या बाबतीत काकांच्या आठवणीवर आणि कॅमेऱ्यावर, दोन्हींवर पूर्ण विसंबू नकोस. कॅमेऱ्याचा सेल काढला की घड्याळ कधी कधी मूळ पदावर येतं आणि मग महिनाभराचे सगळे फोटो एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होतात. फोटोतच पुरावा शोध. गणेशोत्सव मंडळांच्या कमानींवर ‘वर्ष ७५ वे’ असं लिहिलेलं असतं. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ ची, म्हणजे त्या कमानीचा फोटो २००८ चा. दुकानाच्या पाटीवर आठ आकडी फोन नंबर असेल तर फोटो २००२ च्या आधीचा नाही, कारण तेव्हा मुंबईच्या नंबरांना पुढे २ लागला. सात आकडी नंबरावरून मात्र उलटा निष्कर्ष काढू नकोस, दुकानदार जुनी पाटी वर्षानुवर्षं बदलत नाहीत. स्टेशनवर एल्फिन्स्टन रोड लिहिलंय की प्रभादेवी? ते नाव २०१८ मध्ये बदललं. लालबागचा उड्डाणपूल दिसत असेल तर तो २०११ मध्ये खुला झाला. जिथे खात्री नाही तिथे ‘२००६ ते २००८ च्या दरम्यान’ असं लिही आणि कशावरून लिहिलंस तेही लिही. हे शोधायला तुला मजा येईल, मला आजही येते.

प्रती तीन ठेव. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन. त्यांतली एक डिस्क तुमच्या घरी नको, मुंबईतही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतले अल्बम लगदा होऊन बाहेर आले ते मी पाहिलंय. साताऱ्याला तुझ्या मामाकडे एक डिस्क जाऊ दे. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळखीचा आकडा, काढून यादीत ठेव, म्हणजे पुढे एखादी फाइल आतून बिघडली तर लगेच कळेल. वर्षातून एकदा डिस्क जोडून ते ताडून पाहायचं. खंडेनवमीचा दिवस धर, गिरणीत त्या दिवशी साच्यांची पूजा व्हायची, काकांनाही ते आवडेल.

हक्कांचं आता सांगते. इंटरनेटवर दिसतो म्हणून फोटो सार्वजनिक होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. काकांनंतर तो वारसांकडे जाईल, आणि सगळ्या वारसांच्या सह्या एका कागदावर आणणं किती अवघड असतं ते तू तुमच्या खोलीच्या कागदपत्रांवरून जाणतेसच. म्हणून आत्ताच, त्यांच्या हाताने, साध्या मराठीत लिहून घे: कोणाला काय करायची मुभा आहे, नाव कसं द्यायचं, खात्यांची जबाबदारी कुणाकडे. खातं नुसतं पडून राहता कामा नये. गूगलसारख्या कंपन्या दोन वर्षं न उघडलेली खाती पुसू शकतात.

खुल्या परवान्याचा मी आग्रह धरीन, पण निर्णय काकांचा. त्यांना नीट समजावून सांग. विकिमीडिया कॉमन्सवर द्यायचं तर व्यावसायिक वापरालाही मुभा द्यावी लागते, ‘फक्त अभ्यासासाठी’ असं म्हणता येत नाही, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या एखादा बिल्डर त्यांचा चिमणीचा फोटो आपल्या जाहिरातपत्रकात छापू शकेल. हे ऐकून ते नको म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे. थोडे फोटो खुले, बाकीचे राखीव असंही करता येतं. इमारतींच्या फोटोंना आपल्या कायद्याने अडचण नाही. सिनेमाच्या पोस्टरचा जवळून काढलेला फोटो मात्र कॉमन्सवर चालणार नाही, पोस्टर दुसऱ्याचं असतं.

आणि माणसं. बीडीडी चाळीतले काकांचे फोटो मला फार मोलाचे वाटतात. १६० चौरस फुटांच्या खोलीत माळ्यापासून मोरीपर्यंत संसार कसा रचलेला असायचा, ते इतक्या जवळून फार थोड्यांनी टिपलंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या जुन्या खोल्या आता फोटोतच राहणार. पण ज्यांच्या घरात काका शेजारी म्हणून गेले, त्यांनी जगाला घर दाखवायला हो म्हटलं होतं असं नाही. नळावरच्या बाया, आंघोळीची पोरं, आजारी म्हातारे, हे सगळं जपायचं, पण खुलं करायच्या आधी त्या घरी जाऊन दाखवायचं. नकार आला तर तो फोटो बंद कप्प्यात ठेव, पुसू नकोस. होकार आला तर बहुतेक वेळा चहाबरोबर त्यांच्या कपाटातले आणखी फोटो बाहेर येतात, तेव्हा स्कॅनर हाताशी असू दे.

संस्थेला देण्याची घाई करू नकोस. कुठल्याही ग्रंथालयात किंवा संग्रहालयात गेलीस तरी पहिला प्रश्न येईल, नोंदी आहेत का? नोंदी असलेला छोटा संग्रहही लोक आनंदाने घेतात. नुसती डिस्क दिलीस तर ती खणात जाईल.

आता पुढच्या आठवड्यासाठी एवढंच. खात्यातून माहितीची मागणी टाक, ती तयार व्हायला वेळ लागतो. तोवर काकांबरोबर डिलाईल रोडच्या पुलाच्या अल्बमपासून सुरुवात कर आणि पहिल्या बैठकीच्या नोंदी जशा होतील तशा मला पाठव. तक्त्यात रकाने एवढेच कर: मूळ फाइलचं नाव, जागा, दिशा, तारीख, तारीख कशावरून, काका काय म्हणाले. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेव.

काकांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
ग्रंथालयातली मावशी